तात्यांना दिसणारी माणसं

“त्यो पाठीवर लाल पेटी घिऊन येतो,” तात्या म्हणाले. “जिना चढतो, उतरतो, जातो. कुनाशी बोलत न्हाई.”

“रोज येतो?” मी विचारलं.

“मानूस येगळा असतो. पेटी तीच.”

शेजारी बसलेल्या संतोषने, म्हणजे त्यांच्या मुलाने, माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. ‘ऐकलंत ना?’ अशा अर्थाची.

मी न्यूरॉलॉजिस्ट आहे, म्हणजे मेंदूची डॉक्टर. हिंजवडीच्या अलीकडे माझं क्लिनिक आहे. माझे निम्मे पेशंट आयटीतले, डोकं दुखतं म्हणून येणारे. उरलेले निम्मे आसपासच्या गावांतले, आयटीतल्यांमुळे ज्यांचं डोकं दुखतं ते. तात्या दुसऱ्या गटातले. नेऱ्याचे. जमीन होती, त्यातली बरीचशी टॉवरखाली गेली. उरलेल्या तुकड्यात अजून इंद्रायणी तांदूळ होतो आणि दारात एक गाय आहे.

त्या दिवशी तात्यांना दोघांनी दंडाला धरून आत आणलं होतं. अंग ओंडक्यासारखं ताठ. शब्द एकेक करून यायचे. चेहऱ्यावर हसू नाही, राग नाही. सून वैशाली पदराने त्यांची लाळ पुसत होती.

“आठवड्याखाली स्वतः गाईला वैरन टाकत हुते, मॅडम,” ती म्हणाली. “ती गोळी सुरू केली अन असं झालं.”

गोळी एका डॉक्टरांनी दिली होती. त्यांची चूक म्हणता येणार नाही. त्यांना सांगितलं गेलं होतं की म्हातारबांना दिवसभर घरात माणसं दिसतात. त्यांनी भास कमी करायची गोळी दिली. नव्वद टक्के डॉक्टर तेच करतील. पण एक आजार असा आहे की त्यात ही गोळी माणसाला पुतळा करून टाकते. मला त्या आजाराचाच संशय आला.

मी आणखी विचारलं. अजून काय दिसतं?

तात्यांनी सावकाश सांगितलं. धान्याच्या कणगीवर दोन पोरं बसतात, पिवळ्या कपड्यातली. गप बसतात. माळ्यावर कोकरं फिरतात, त्यांचाही आवाज नाही. वरच्या मजल्यावर एक जण उभ्या जागी पळतो, फुडं जात न्हाई. एक पोरगी भिंतीशी भांडते. आणि जिन्यात एक पोरगा आहे.

“तो काय करतो?”

“मी बघितलं की दगड व्हतो.”

मी मनातल्या मनात टाळी वाजवली. पुस्तकात लिहावी तशी केस होती. झोपेत हातपाय झाडतात का, असं वैशालीला विचारलं. ती म्हणाली, “सासूबाई होत्या तवापास्नं. झोपेत बैल हाकायचे. एकदा सासूबाईंनाच हाकलं.” एक दिवस डोकं लख्ख, दुसऱ्या दिवशी धुकं? व्हय. पावलं लहान पडतात? व्हय. तात्यांना घड्याळ काढायला सांगितलं, तर त्यांनी सगळे आकडे एका कोपऱ्यात गोळा केले, एसटीच्या मागच्या सीटवर कोंबल्यासारखे.

आजाराचं नाव ल्युई बॉडी डिमेन्शिया. तो घरच्यांना समजावणं हा माझ्या कामातला सगळ्यात अवघड भाग. मी माझं नेहमीचं उदाहरण काढलं.

“मेंदूच्या पेशीत प्रोटीन तयार होतं. लांब धाग्यासारखं. काम करायचं तर त्याची नीट घडी पडावी लागते. साडीची पडते तशी. कधीकधी घडी चुकते. चुकलेली घडी शेजारच्या घडीलाही बिघडवते. नीट घडी पडली नाही की पेशीला ते प्रोटीन साफ करता येत नाही. मग त्याचे बोळे होऊन पेशीतच साचत जातात. पेशी आधी नीट काम करेनाशी होते, मग मरते. जिथे बोळे साचतात तिथलं काम बिघडतं. हालचालीच्या भागात साचले तर चाल बिघडते. बघण्या-समजण्याच्या भागात साचले तर नसलेलं दिसतं. कंपवातात हेच प्रोटीन असतं. अल्झायमरमध्ये वेगळी प्रोटीन असतात, पण तऱ्हा तीच. साचणं.”

दोघं लक्ष देऊन ऐकत होते. मला वाटलं, आज छान जमलं.

“म्हंजे मटकीची उसळ बंद करू का?” वैशालीने विचारलं.

“नाही.”

“अंडी?”

“अंडी चालू दे. खाण्यातल्या प्रोटीनचा याच्याशी काही संबंध नाही.”

“पन प्रोटीनच साचलंय न्हवं?”

“हे वेगळं. हे मेंदू घरीच बनवतो.”

“मग संतोष जिमचा डबा आनून पितो, त्यो?”

“त्याच्याबद्दल मी काही बोलणार नाही,” मी म्हणाले. संतोषने शर्ट खाली ओढला.

मग मी तो प्रश्न विचारला, जो मी प्रत्येकाला विचारते. घरात कोण कोण राहतं?

“आमी चौघं,” संतोष म्हणाला. “तात्या, मी, वैशाली अन आमची मुलगी.”

वैशालीने पर्सची चेन उघडली. बंद केली. परत उघडली. मी ते बघितलं. मला वाटलं, बाई काळजीत आहे.

त्यांना मी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती सांगताना मला फार विद्वान असल्यासारखं वाटत होतं. अशा पेशंटना बऱ्याचदा वाटतं की घरात कुणी परकं माणूस चोरून राहतंय. इंग्रजीत याला ‘फँटम बोर्डर’ म्हणतात. म्हणजे नसलेला भाडेकरू.

संतोषला ठसका लागला. वैशालीने त्याला पाणी दिलं. तिने ते जरा जोरातच दिलं.

गोळी बंद केली. पुढच्या आठवड्यापासून दुसरं औषध बारीक डोसात सुरू करायला सांगितलं. भांडू नका, ‘असं काही नाहीच’ म्हणून ओरडू नका, घरात उजेड ठेवा, डोळे तपासून घ्या, एवढं सांगून त्यांना पाठवलं.

दोन-तीन आठवड्यांनी तात्या काठी टेकत स्वतःच्या पायांनी आत आले. ताठरपणा गेला होता. माझ्या रिसेप्शनिस्टला त्यांनी गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग तिच्या मामाला ओळखत असल्याचं सांगितलं. म्हणजे प्रकृती उत्तम होती.

“पन भास हायेत तसेच,” संतोष घाईने म्हणाला. “उलट वाढलेत. काहीतरी जादा द्या, मॅडम.”

जादा द्यायची मला भीती वाटत होती. या आजारात त्या जातीचं कुठलंही औषध म्हणजे जोखीमच. पहिल्या गोळीने काय केलं ते मी बघितलं होतं. एकदा ताठलेला माणूस दर वेळी परत सुटेलच असं नाही. मी तात्यांनाच विचारलं.

“तात्या, कणगीवरची पोरं अजून येतात?”

“कमी झाली. येकादवेळी येत्यात.”

“कोकरं?”

“न्हाई आली हल्ली.”

“भिंतीशी भांडणारी मुलगी?”

“ती रोज,” तात्या म्हणाले. “न्याहारीच्या वक्ताला. कानात काय तरी घालती अन भिंतीला म्हनती...” त्यांनी डोळे मिटले, आठवलं, आणि शाळेतला पोरगा कविता म्हणतो तसं म्हणून दाखवलं, “ह्यालो, आयाम आडिबल? क्यान यू शी माय इस्क्रीन? रजत, यू आर आन म्यूट.”

मी पेन खाली ठेवलं.

तीस वर्षं मी मेंदूचं काम करते. लोकांना साप दिसलेले मी ऐकलेत, मेलेली आत्या दिसलेली ऐकलीय, टीव्हीतून उतरलेला पुढारी ऐकलाय. पण या आजारातले भास बहुतेक वेळा मुके असतात. येतात, बसतात, जातात. आणि मेंदूत प्रोटीन कितीही साचलं, तरी ज्याला इंग्रजी येत नाही त्याला ते ‘यू आर ऑन म्यूट’ शिकवू शकत नाही.

“तात्या, तुम्हाला इंग्रजी येतं?”

“मला? मी चौथी नापास.”

“संतोष, हे वाक्य त्यांनी कुठे ऐकलं?”

“टीव्हीवर असंल,” संतोष म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. एसी चालू होता.

औषध मी वाढवलं नाही. घरी येऊन एकदा बघते, असं सांगितलं. संतोष म्हणाला, कशाला तुमी तरास घेताय, रस्ता लई खराब हाय, आमच्याकडं कुत्रं चावरं हाय, पुढच्या महिन्यात बघू. मी बरं म्हणाले आणि त्याच रविवारी गेले. सांगून गेले नाही. सांगून गेले असते तर जे बघायचं होतं ते मला दिसलं नसतं.

रस्ता मारुंजीपर्यंत चांगला होता. पुढे मिक्सरच्या गाड्या आणि म्हशी आलटून पालटून. घर सापडायला वेळ लागला नाही. खाली जुना ओटा, गोठा, आणि त्याच्यावर नवाकोरा, गुलाबी रंगाचा वरचा मजला. गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांत बर्म्युडाच बर्म्युडा होत्या. चावरं कुत्रं नव्हतं. कुत्रंच नव्हतं.

बाहेरून वर जाणारा जिना होता. त्याच्या मधल्या पायरीवर एक तरुण मुलगा उभा होता. हातात बादली, बादलीत ओले कपडे. एक पाय खालच्या पायरीवर, एक वरच्या. तो हलत नव्हता. पापणीसुद्धा नाही.

“नमस्कार,” मी म्हणाले.

काही नाही.

“आप ठीक हैं?”

ओठ न हलवता त्याने आवाज काढला. “मॅडम, अंकल देख रहे हैं क्या?”

मी मागे वळले. तात्या ओट्यावर काठी टेकून उभे होते आणि अगदी टक लावून बघत होते.

“हाँ, देख रहे हैं.”

“फिर मैं नहीं हूँ.”

“बघा!” तात्या आनंदाने ओरडले. “झाला का न्हाई दगड?”

दगडाच्या बादलीतून थेंब थेंब पाणी खालच्या पायरीवर पडत होतं. भासातून पाणी गळत नाही, हे मला कुठल्या पुस्तकात वाचावं लागलं नाही.

तेवढ्यात वरून एक मुलगी धावत आली. कानात इयरफोन, हातात मोबाइल. “अंकित, मेरा ऑर्डर आया क्या...” एवढं म्हणून तिने तात्यांना बघितलं आणि तीही थिजली. एक हात हवेत तसाच राहिला.

आणि मग फाटकातून तो आला. पाठीवर लाल पेटी. त्याला बिचाऱ्याला थिजायचं कुणी सांगितलेलंच नव्हतं.

“नेहा मॅडम?” तो तिच्या तोंडासमोर जाऊन म्हणाला. “ओटीपी बोलिए.”

नेहा मॅडम बोलेनात.

“मॅडम, ओटीपी.”

तिचा दुसरा हात हळूच पाठीमागे गेला. तिथे बोटं उघडायला आणि मिटायला लागली. डिलिव्हरीवाला वाकून, मान तिरपी करून एकेक आकडा मोजून मोबाइलमध्ये टाकत होता. असली गिऱ्हाइकं त्याला रोजच भेटत असावीत. त्याने पिशवी तिच्या हवेतल्या हाताला अडकवली, थँक्यू म्हणाला आणि गेला.

मला हसू आवरेना. मी गोठ्याच्या खांबाला धरून उभी राहिले.

“मॅडम, तुमी सांगून यायचं की,” आतून संतोष आला. अंगात बनियन. मागून वैशाली आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, “मी म्हनलं हुतं. पहिल्या दिवशी म्हनलं हुतं. सांग आता.”

संतोषने ओट्यावर बसून सांगितलं ते असं. वरचा मजला बांधला तेव्हा तात्यांनी अट घातली होती, भाडेकरू ठेवायचे नाहीत. घर म्हंजे काय धर्मशाळा हाय का? संतोषने मान डोलावली आणि ठेवले. हळूहळू सांगू म्हणाला. पण पहिल्याच संध्याकाळी तात्यांनी विचारलं, जिन्यात कोन हुतं? त्याच्या तोंडून निघून गेलं, कोन न्हाई. आता एकदा न्हाई म्हटल्यावर व्हय कसं म्हणायचं? त्यात तात्यांना खरोखरच कणगीवर पोरं दिसायला लागली होती. भास हे कारण आयतंच तयार होतं. मग त्याने भाडेकरूंना पढवलं, अंकल देखें तो हिलना मत.

“अन त्या गोळीनं ते लाकूड झाले, तेव्हा?” मी विचारलं. आता मला हसू येत नव्हतं. “अजून जादा औषध मागायला आला होतास. मी दिलं असतं तर? तुझ्या भाडेकरूंवर इलाज म्हणून बापाला गोळ्या?”

संतोष अंगठ्याने ओट्यावरचं शेण खरवडत राहिला. मग त्याने डोळे पुसले. “मला वाटलं, खरे भास बी हायेतच की. त्यात चार जादा. डॉक्टरला काय फरक पडतोय.”

डॉक्टरला फार फरक पडतो, हे त्याला मी बऱ्याच मोठ्या आवाजात सांगितलं. गाय उठून उभी राहिली.

तात्या काठी टेकून सगळं ऐकत होते. मला वाटलं, आता काठी उठणार. संतोषलाही तसंच वाटलं असावं. तो वैशालीच्या मागे सरकला.

“म्हंजे ही पोरं खरी हायेत?” तात्यांनी मला विचारलं.

“खरी.”

“म्हंजे मी येडा न्हाई.”

इथे खोटं बोलणं सोपं होतं. पण त्या घरात खोटं पुरेसं झालं होतं. “येडे नाही, तात्या. पण आजार आहे. काही दिसतं ते खरं आहे, काही नाही. कणगीवरची पोरं खरी नाहीत.”

त्यांनी उघड्या दारातून आत कणगीकडे बघितलं. थोडा वेळ बघितलं.

“अन कोकरं?”

“ती पण नाहीत.”

“उभ्या जागी पळतो त्यो?”

“वो मैं हूँ, अंकल,” जिन्यातून अंकित म्हणाला. “ट्रेडमिल.”

“अन ह्यो संत्या?”

“हा खरा आहे.”

“ह्यो नसता तरी चाललं असतं,” तात्या म्हणाले, आणि आत जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत ते संतोषशी बोलले नाहीत, असं वैशालीने नंतर फोनवर सांगितलं. नेहाशी मात्र बोलले. तिला विचारलं, तो रजत कोण, आणि त्याला त्याचं बटण सापडत कसं नाही.

त्या घरासाठी मी एक नियम घालून दिला. औषधाइतकाच महत्त्वाचा. तात्यांच्या समोरून जाणाऱ्या प्रत्येकाने ‘राम राम तात्या’ म्हणायचं. जो म्हणेल तो खरा. जो म्हणणार नाही त्याच्याशी भांडायचं नाही, बसू द्यायचं.

अंकितने नियम फारच मनावर घेतला. तो दिवसातून वीसदा राम राम म्हणायला लागला. नेहा एकदा चालू मीटिंगमध्येच म्हणाली. पलीकडून तिच्या बॉसनेही तात्यांना राम राम केला म्हणे. तात्यांनी स्वतः त्यात एक भर घातली. शंका आली की काठीने टोचून बघायचं. जमिनीच्या व्यवहारासाठी आलेल्या एका बिल्डरच्या माणसाला त्यांनी दोनदा टोचलं, आणि म्हणाले, “खरा हाय. वाईट झालं.”

आजार बरा होणारा नाही. साचलेलं प्रोटीन काढून टाकणारं औषध या आजाराला आज तरी नाही. आम्ही फक्त उरलेल्या पेशींना मदत करतो. काही दिवस तात्या गाईचं नाव विसरतात, काही दिवस वैशालीचं. पण चालतात, जेवतात, आणि घरात कोण आहे याबद्दल त्यांना कुणी फसवत नाही. संतोषने नवीन भाडेकरू आणायच्या आधी त्यांना तात्यांसमोर बसवायची पद्धत सुरू केली आहे. एक जण नापास झाला. त्याने ‘राम राम’ला इंग्रजीत ‘हाय’ म्हटलं होतं.

गेल्या महिन्यात ते तपासणीला आले. सोबत नेहा होती, कारण संतोषला वेळ नव्हता. बोलता बोलता तात्या माझ्या खुर्चीच्या मागे बघायला लागले.

“काळं कुत्रं बसलंय हितं,” ते म्हणाले.

मी हसले. त्यांच्या हातावर हात ठेवला. शांतपणे समजावून सांगितलं की हा भास आहे. उजेड कमी असला की मेंदू रिकाम्या जागा स्वतःच भरतो. घाबरायचं नाही, भांडायचं नाही, बसू द्यायचं. चुकलेल्या घडीचं उदाहरणही परत एकदा दिलं. नेहा काहीतरी सांगायला बघत होती, तिला मी हाताने थांबवलं.

मग माझ्या मागून कुणीतरी शिंकलं.

रिसेप्शनिस्ट आत आली, सॉरी मॅडम म्हणाली आणि कुत्र्याला बाहेर घेऊन गेली. ते खालच्या चहावाल्याचं होतं. एसीसाठी येतं.

हल्ली कुणी काही दिसतंय म्हटलं की मी आधी मागे वळून बघते. प्रोटीनचं नंतर.